बिने यांनी चाचणी कशासाठी काढली?
मुलाचा बुद्ध्यंक कळला की घरात लगेच निकाल लागतो: हुशार किंवा ढ. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांना मुलांवर असा शिक्का मुळीच नको होता. १९०५ साली पॅरिसमध्ये त्यांनी सहकारी थिओडोर सिमों यांच्यासोबत बुद्धिमत्ता चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले वेळीच ओळखता यावीत म्हणून. ऐकलेले आकडे त्याच क्रमाने म्हणा, चित्रातल्या वस्तूंची नावे सांगा, असे साधे प्रश्न त्यात होते. योग्य शिक्षणाने बुद्धी वाढते, असे त्यांचे ठाम मत होते. बुद्ध्यंकाच्या आकड्यात न मावणाऱ्या भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी मानसशास्त्रज्ञ सॅलोव्ही आणि मेयर यांनी १९९० मध्ये केली: समोरच्याचा चेहरा वाचणे, स्वतःचा राग ओळखून आवरणे. लेखक डॅनियल गोलमन यांच्या १९९५च्या पुस्तकाने ती लोकप्रिय झाली. यशाची गुरुकिल्ली म्हणून झालेला तिचा गाजावाजा मात्र अतिरेकी वाटतो. म्हणून मुलाची कोणतीही चाचणी करून घ्याल, तेव्हा बिने यांच्यासारखे आकड्याआधी विचारा, त्याला नेमकी कुठे मदत हवी आहे?