गोड्या पाण्यांतील मासेमारीची लहान होडी : तिची निवड व तयारी

वाशिंद गांव भातसा नदीच्या कांठीं वसलें आहे. शहापूर तालुक्यांत या नदीवर मोठें धरण झाल्यापासून नदीचें रूप पालटलें. मुंबई शहरास लागणारें पाणी धरणांतून नदीच्या पात्रांतच सोडतात आणि तें पुढें पिसे येथील बंधाऱ्यावर उचलून घेतात. त्यामुळें ऐन वैशाखांतहि आमच्याकडे पात्र कोरडें पडत नाहीं. बारमाही पाणी आलें तसा नदीकांठच्या शेतकऱ्यांचा मासळीकडे ओढा वाढला. कोणी शेततळें खणून त्यांत रोहू, कटला व मृगळ यांचें बीज सोडतो, कोणी गांवतळ्याचा ठेका घेतो. अशांपैकीं दोघांतिघांनीं गेल्या उन्हाळ्यांत आम्हांस विचारलें कीं, घरची एखादी लहान होडी करावयाची तर ती कशी असावी व तींत काय काय ठेवावें. आम्ही जातीचे कोळी नव्हे. परंतु महसूल खात्याच्या नोकरींत नद्या व तळीं पुष्कळ पालथीं घातलीं, होडीवाल्यांशीं सहवास घडला, आणि बुडून मेलेल्यांचे पंचनामेहि आम्हांस लिहावे लागले. त्या अनुभवावरून पुढील मजकूर लिहीत आहों.

होडी घेण्यापूर्वीं पाणी कोणाचें, हें पाहून ठेवावें. नदीकांठची जमीन आपल्या सातबाऱ्यावर असली तरी नदी सातबाऱ्यावर येत नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २० प्रमाणें खाजगी मालकीचे नसलेले नदी, नाले, तलाव व त्यांतील पाणी सरकारची मालमत्ता होय. मोठ्या जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी मच्छीमार संस्थांकडे असतो. तेथें त्या संस्थेशीं बोलल्यावांचून जाळें टाकूं नये. तानसा व मोडकसागर हे तलाव तर मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे; तेथें परवानगीवांचून होडी लोटण्याचा विचारच सोडावा. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यांत विष कालवून मासे मारणें १८९७ सालच्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. तरीहि जिलेटिनची कांडी घेऊन डोहावर जाणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. ज्या नदीचें पाणी सारी मुंबई पिते तींत ब्लीचिंग पावडर ओतणाऱ्यास काय म्हणावें, हें आम्हांस समजत नाहीं.

आतां होडीकडे वळूं. डोह, गांवतळें व संथ पात्र यांस बारा फूट लांब, मध्यें चार फूट रुंद व दीड फूट खोल अशी होडी पुरते. याहून अरुंद घेतल्यास ती चटकन कलते. याहून मोठी घेतल्यास दोघां माणसांस कांठावर ओढून घेतां येत नाहीं. लांकडाची करावयाची तर सागवान उत्तम. पण साग स्वतःच्या बांधावरचा असला तरी तो तोडण्यास व वाहून नेण्यास वनखात्याची परवानगी लागते, हें ध्यानांत ठेवावें. आंब्याच्या फळ्या स्वस्त व हलक्या असतात, मात्र त्या लवकर कुजतात. फायबरची होडी हलकी व कमी देखभालीची. तिचा दोष असा कीं, लांकडाची होडी पाण्यानें भरली तरी बहुधा तरंगते, पण नुसत्या फायबरची किंवा पत्र्याची होडी भरली कीं तळ गाठते. तिचा उपाय पुढें येईल. मालट्रकच्या ट्यूबांवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून जाळें लावणारे लोक जलाशयांवर दिसतात. गरिबापाशीं दुसरें साधन नाहीं म्हणून तो तसें करतो. ज्याला चार पैसे खर्चण्याची ऐपत आहे त्यानें त्याची नक्कल करूं नये.

कित्येकजण खाडीवरची जुनी होडी स्वस्तांत विकत आणतात. ती घ्यावी, पण पाहून घ्यावी. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून शेंकडा सुमारें अडीच भारी. म्हणून तीच होडी नदींत थोडी अधिक बुडते. हा फरक क्षुल्लक आहे. खरा फरक कुजण्याचा. मीठ लांकडास सडूं देत नाहीं. खाडींत लांकूड पोखरणारा किडा हा शत्रु, तर आमच्या गोड्या पाण्यांत बुरशी हा शत्रु. होडीच्या तळाचा पठाण, फळ्यांचे सांधे आणि नाळेजवळचा कोपरा या ठिकाणीं चाकूचें टोंक दाबून पाहावें. तें सहज आंत गेलें तर सौदा मोडावा. लोखंडी खिळ्यांभोंवतीं लांकूड काळें पडलें असेल तर तेथें खिळा गंजून बारीक झाला असें समजावें.

फटींत वाख ठोकून भरावा व त्यावर राळ किंवा डांबर द्यावें. बाहेरून काजूच्या टरफलांचें तेल दिल्यास लांकूड टिकतें. कोंकणांत ही जुनी चाल आहे. तें अंगास लागल्यास फोड येतात, म्हणून हातांस फडकें गुंडाळून काम करावें. उन्हांत पडून राहिलेली होडी प्रथम पाण्यांत लोटली कीं चहूंकडून गळूं लागते आणि नवा मालक घाबरून जातो. वास्तविक तिला गुडघाभर पाण्यांत दगड घालून दोनतीन दिवस बुडवून ठेवावें. लांकूड फुगून सांधे आपोआप मिटतात. त्यानंतर जें गळेल तेवढेंच गळणें खरें.

होडी किती भार वाहील, याचा हिशेब शेतकऱ्यानें स्वतः करावा. विकणाऱ्याच्या तोंडावर विसंबूं नये. वर सांगितलेल्या मापाच्या होडीनें पाण्यावर झांकलेली जागा, दोन्ही टोंकें निमुळतीं असल्यामुळें, सुमारें तीस चौरस फूट धरावी. एक इंच खोल बुडाली म्हणजे तिनें अडीच घनफूट पाणी बाजूस सारलें. एक घनफूट गोडें पाणी सुमारें अठ्ठावीस किलो भरतें. म्हणजे दर इंचास सत्तर किलो. सोपी गोष्ट अशी कीं, एक माणूस चढला कीं होडी एक इंच खालीं जाते. अठरा इंच खोलीची होडी रिकामी असतां चार इंच बुडाली असें समजूं. तीन माणसांचे तीन इंच. जाळीं, नांगर व मासळी मिळून आणखी एक इंच. राहिले दहा इंच. कांठ पाण्याबाहेर किमान एक वीत, म्हणजे नऊ इंच, राहिलाच पाहिजे. तेव्हां ही होडी तिघांची. चौथा माणूस कांठावर थांबेल.

याठिकाणीं आम्हांस स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर पंचनाम्यांसाठीं आम्ही काळू नदीच्या पलीकडील एका वस्तीवर निघालों. होडी याच मापाची. बसलों सातजण, आणि वर दप्तराची पेटी. पाणी ओसरलें होतें, वारा नव्हता, म्हणून कोणी कांहीं बोललें नाहीं. होडीवाल्यानें एकदां आमच्या तोंडाकडे पाहिलें. पण आम्ही सरकारी कामाचे लोक, त्याला कसें सांगावेंसें वाटणार? मध्यावर आलों असतां वाहून आलेलें एक झाड पाहण्यास आमच्यापैकीं एकजण उठून उभा राहिला व बाकीचेहि त्या बाजूस वळले. चार फूट रुंदीच्या होडीची एक बाजू सहा इंच वर गेली कीं दुसरी सहा इंच खालीं जाते, आणि आमचा कांठ पाण्याबाहेर तेवढाच होता. होडी आंब्याची असल्यामुळें बुडाली नाहीं, उलटून तरंगत राहिली. सहाजण तिला धरून राहिलों. पेटी वाहून आणणारा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. त्याला पोहतां येत नव्हतें, हें आम्हीं विचारलें नव्हतें. तो दुसरे दिवशीं दोन वळणें खालीं सांपडला. तो पंचनामा आम्हींच लिहिला. त्यांत मृत्यूचें कारण पूर असें लिहिलें आहे. वरील हिशेब त्या दिवशीं आम्हांस आला असता तर तें लिहावें लागलें नसतें.

होडींत सांचलेल्या पाण्याबद्दलहि हेंच. तळाशीं दोन इंच पाणी दिसलें तर पुष्कळजण पाय ओले झाले एवढेंच मानतात. वीस चौरस फूट तळावर दोन इंच पाणी म्हणजे नव्वद किलोंहून अधिक भार झाला. माणूस निदान जागेवर बसतो. हें पाणी होडी जिकडे कलेल तिकडेच धांवतें आणि तिला आणखी कलवतें. यासाठीं पाणी उपसण्यास तेलाचा अर्धा कापलेला डबा होडींत असावा व तो सुतळीनें बांकास बांधलेला असावा. न बांधलेला डबा नेमका गरजेच्या वेळीं पाण्यावर तरंगत दूर जातो.

वल्हीं दोन लागतात, तीन ठेवावीं. आमच्या नदींत खडक व उथळ जागा फार, तेव्हां बारा फुटी भरीव बांबूची काठीहि हवी. उथळ पाण्यांत काठीचा उपयोग वल्ह्याहून अधिक होतो. काठी चिखलांत रुतून बसली तर ती सोडून द्यावी, तिला लोंबकळूं नये. होडी पुढें जाते व माणूस काठीवर राहतो, हा तमाशा आम्हीं पाहिला आहे. यंत्राची या मापास गरज नाहीं.

नांगर लोखंडी असला तर बरा. नाहींतर काथ्याच्या जाळींत बांधलेला दहाबारा किलोंचा दगड डोहांत चालतो. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट सोडावा, वाहत्या पाण्यांत पांचपट. दोर उभा राहिला कीं नांगर उचलला जातो. तो तिरपा व लांब असेल तरच नांगर जमीन धरतो. हा दोर नेहमीं नाळेस बांधावा. बाजूस किंवा मागें बांधल्यास वाहतें पाणी होडीस आडवें पाडतें किंवा मागच्या बसक्या कांठावरून आंत शिरतें. जवळच एक धारदार कोयती खोंचलेली असावी. धरणाचें पाणी सुटून प्रवाह वाढला तर नांगर ओढीत बसूं नये, दोर तोडून मोकळें व्हावें.

आतां फायबरच्या होडीचा उपाय. वीस लिटरचे झांकण घट्ट बसणारे रिकामे डबे घ्यावे व ते दोन्ही टोंकांच्या बांकांखालीं, बाजूंस चिकटून, पक्के बांधावे. प्रत्येक डबा पाण्याखालीं सुमारें वीस किलो भार उचलून धरतो. चार डबे म्हणजे ऐंशी किलो. होडी पाण्यानें भरली तरी बुडत नाहीं व तिला धरून राहतां येतें. माणसांसाठीं जीवरक्षक जाकिटें घ्यावीं, आणि घेतल्यावर अंगांत घालावीं; बसण्यास उशी म्हणून त्यांचा उपयोग नाहीं. आमच्या वाडवडिलांच्या काळीं वाळलेल्या भोपळ्यांची सांगड कमरेस बांधून लोक नदी ओलांडीत. तें तत्त्व आजहि खरें आहे: माणसाचें बहुतेक ओझें पाणीच उचलतें, डोकें वर राखण्यास चारपांच किलोंचा आधार पुरतो. म्हणून जाकीट मिळेपर्यंत पांच लिटरचा बंद डबा दोरीसह प्रत्येकाजवळ असावा.

जाळ्यांविषयीं थोडेंच लिहितों, कारण तें ज्याच्या त्याच्या हाताचें कसब. शिशाच्या मण्यांचें जाळें जड असतें. तें होडीच्या मध्यावर, टोपलींत गोळा करून ठेवावें. फेंकजाळें टाकणाऱ्यास उभें राहावें लागतें. त्या वेळीं दुसऱ्यानें खालीं बसून वल्हीं धरावीं. सदऱ्याची गुंडी, अंगठी, घड्याळ यांत जाळें अडकलें तर तें माणसासह जातें, म्हणून हीं सर्व कांठावर काढून ठेवावीं. नायलॉनचें जाळें कुजत नाहीं हा त्याचा गुण व दोषहि आहे. तुटून तळाशीं राहिलेलें जाळें वर्षानुवर्षें मासे मारीत राहतें, तेव्हां फाटका तुकडासुद्धां परत आणावा. आसांचा आकार मोठा ठेवावा. पहिल्या पावसांत मासे अंडीं घालण्यास ओढ्यानाल्यांतून वर चढतात. ती वलगण लुटण्याची हौस आमच्या सर्व गांवांस आहे, आम्हांसहि होती. पण पोटांत अंडीं असलेली एक मादी म्हणजे किती मासळी, हें ज्यानें तळ्यांत बीज विकत घेऊन सोडलें आहे त्यास सांगावें लागत नाहीं.

वैशाखांत दुपारनंतर माहुलीवर काळें आलें कीं कांठ गांठावा. वळवाचा वारा तळ्यावर अकस्मात उतरतो. मृगापूर्वीं होडी नदीबाहेर काढावी. पावसाळ्यांत भातसा धरणाचे दरवाजे उघडतात व सापगांवचा पूलसुद्धां पाण्याखालीं जातो. तेथें झाडाला बांधलेल्या होडीची काय कथा. होडी उंच जागीं, लांकडी ओंडक्यांवर पालथी घालावी, वर पेंढा किंवा ताडपत्री टाकावी, पण खालून वारा खेळता ठेवावा. ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळली तर आंतल्या दमटपणानें फळ्या एका पावसाळ्यांत सडतात. आश्विनांत ती उताणी करून प्रत्येक सांधा तपासावा. वल्हीं मात्र होडीजवळ ठेवूं नयेत. तीं दररोज घरीं आणून माळ्यावर टाकावीं, म्हणजे दुपारीं घरचीं माणसें झोंपलेलीं असतां मुलें होडी लोटणार नाहींत.