पहाऱ्यावरची पोरं

गंगाखेड तालुक्यातल्या एखाद्या गावात सप्ताह बसला की देवळाच्या भिंतीवर वीणेच्या पहाऱ्याची यादी लागते. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, सांजच्याला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यापुढे जागर. सातही दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. ती ज्याच्या गळ्यात, त्यानं बसायचं नाही. दुपारी मोठी माणसं रानात असतात, तेव्हा यादीत पोरांची नावं दिसतात.

मी बघत बसलो ते वीणा हातोहात बदलताना. आजोबांचा पहारा संपत आलेला, समोर सातवी-आठवीतला पोरगा. हातपाय धुतलेले, कपाळाला बुक्का. त्यानं आधी वीणेला डोकं टेकवलं. आजोबांनी पट्टा स्वतःच्या मानेवरून काढून त्याच्या गळ्यात घातला, पण तारेवरचं बोट काही काढलं नाही. "घाई करू नको. तार थांबली नाही पाहिजे." पोराचं बोट तारेवर आलं, तेव्हा कुठे म्हाताऱ्यानं हात सोडला. मग पोरगा वीणा सांभाळत आजोबांच्या पाया पडला. आणि आजोबा, गुडघ्यावर हात देत, कण्हत, त्याच्या पाया पडले.

पोरगा अवघडला, हे स्पष्ट दिसत होतं. पाय मागे घ्यावेत तर वीणा हलते. उभं राहण्यावाचून इलाज नव्हता. पुढचे दोन तास येणारी-जाणारी बायामाणसं त्याच्यापुढे वाकत राहिली, त्यात त्याचे गुरुजीही असावेत. सकाळी क्रिकेटवरून भांडलेला हाच पोरगा दुपारभर ताठ उभा होता. डुलकी आली की एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायचा.

हल्ली शाळांतून आई-वडिलांचे पाय धुण्याचे कार्यक्रम होतात. रडारड होते, फोटो निघतात. मला त्यांचं फारसं कौतुक नाही. त्यात पोरानं वाकायचं आणि मोठ्यांनी वाकवून घ्यायचं, एवढंच घडतं. वारकऱ्यांत गळाभेट झाली की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, शेतजमीन कुणी विचारत नाही. ज्येष्ठात शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेनं पंढरीकडे जाते. रस्त्याकडेला तांब्या घेऊन उभ्या असलेल्या पोरासमोर पांढऱ्या कपड्यातला वारकरी हात जोडून 'माउली' म्हणतो. पोरानं ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसतं.

बाकीचं शिक्षण वस्तूंच्या अंगानं होतं. टाळ ओलांडायचे नाहीत. ठेवायचे तर उपरण्याच्या घडीवर. पाय लागलाच तर हात लावून तो कपाळाला न्यायचा. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक पोरांनीच मळायची. ती सैल झाली तर आवाज बसतो आणि वादक सगळ्यांदेखत परत मळायला लावतो. यात भक्ती किती आणि हात वळणावर येणं किती, हे वेगळं काढता येत नाही. काढू नये, असं माझं मत.

एक गोष्ट मात्र खटकते. हरिपाठात मुली पावली खेळतात, टाळ धरतात, फुगड्या घालतात. पहाऱ्याच्या त्या यादीत मात्र एकाही मुलीचं नाव नव्हतं. हा जनाबाईचा तालुका. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळणकांडण करत राहिली आणि तिचे अभंग आज याच देवळात म्हटले जातात. यादी करणाऱ्यांना मी विचारलं. "पुढच्या साली बघू," असं उत्तर आलं. बघूच.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. वाढपी पुन्हा पोरंच. पंगतीला आडवं जायचं नाही, पत्रावळीवरून बादली न्यायची नाही, वाकूनच वाढायचं. मालक असो की त्याचा सालगडी, विचारायचं एकच, "माउली, वरण?" पानात टाकलेलं दिसलं की एखादी आजी वाढप्यालाच झापते: विचारल्याबिगर वाढलंस कशाला? वाढणाऱ्यांची पंगत सगळ्यात शेवटी बसते आणि त्यांना वाढायला मघाशी जेवून उठलेले बाप्ये उभे राहतात. तोवर बुंदी तळाला गेलेली असते. पोरं कुरकुरतात, आचाऱ्याला बादली वाकडी करून दाखवायला लावतात, आणि तो बिचारा दाखवतो.