खाडीकाठचा कोल्हा

परिसरनिरीक्षणाच्या तासाला मुलांना नदीकाठी न्यावे, असे सांगितलेले असते. तेथे नेमके काय पाहावे, हे मात्र बहुधा शिक्षकावर सोपविलेले असते. बगळा, खंड्या व टिटवी ही नावे वहीत उतरली की फेरी संपते. नवी मुंबईच्या परिसरातील शिक्षकास यापेक्षा अधिक काही दाखविता येण्यासारखे आहे. माथेरानच्या डोंगराकडून येणारी गाढी नदी पनवेलजवळून वाहत खाडीस मिळते. तेथे पाणी खारट होते आणि काठाने तिवराची व चिप्पीची झाडी सुरू होते. रानावनात, फार तर उसाच्या फडात राहणारा म्हणून ठाऊक असलेला कोल्हा या चिखलातील कांदळवनातही नांदतो. पनवेल, वाशी व ऐरोली या सर्व बाजूंच्या खाडीकाठी त्याचे अस्तित्व आढळलेले आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. इसापाच्या कथेतील द्राक्षे आंबट म्हणणारा प्राणी आपण मराठीत कोल्हा केला. परंतु मूळ कथेतील प्राणी निराळ्या जातीचा आहे. त्याचा आपल्याकडील भाऊबंद म्हणजे लहान चणीचे, झुबकेदार शेपटीचे व काळ्या शेंड्याचे खोकड. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे मात्र खरे कोल्हे होत. कोल्ह्याचे वजन सुमारे ८ ते ११ किलोग्रॅम भरते, उंची खांद्यापाशी साधारण ४० सेंटिमीटर असते आणि रंग पिवळसर तपकिरी, पाठीवर काळपट छटा असलेला असतो. गावातल्या कुत्र्यापेक्षा तो अंगाने सडपातळ असून शेपटी खाली सोडून चालतो. तो लबाड असतो, हे कथाकारांचे म्हणणे. प्रत्यक्षात नर व मादी दीर्घकाळ जोडीने राहतात आणि पिलांस वाढविण्यास पुष्कळदा मागील वर्षाची मोठी भावंडेही हातभार लावतात.

खारट चिखलात हा प्राणी काय खातो, असा प्रश्न कोणीतरी मुलगा विचारीलच, आणि तो विचारला जावा. ‘कोल्हा काकडीला राजी’ या म्हणीत त्याचे अर्धे उत्तर आहे. कोल्हा मांसाहारी प्राण्यांच्या कुळातला खरा. पण तो उंदीर, पक्षी, मासे, मेलेली जनावरे, बोरे, काकड्या यांतील जे मिळेल त्यावर निर्वाह करतो. कांदळवनात खेकडे आणि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या त्याला मुबलक सापडतात. ओहोटी लागली की खाडीचा तळ उघडा पडतो आणि कोल्ह्याचे ताट मांडले जाते.

येथे घाटावरून बदलून आलेल्या शिक्षकाने आगरी-कोळी मुलांनाच गुरू करावे, हे उत्तम. अमावास्या व पौर्णिमा या तिथींना मुंबईच्या किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास पूर्ण होते; म्हणून ओहोटीची सीमा सकाळी व सायंकाळी सहाच्या आसपास येते. खाडीत आतल्या बाजूस यास थोडा उशीर होतो. पुढे ही वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक सरकत जाते आणि अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारी येते. पहाट व तिन्हीसांज हीच कोल्ह्याची फिरण्याची वेळ. तेव्हा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार, सकाळच्या शाळेचा, या फेरीस सर्वांत सोयीचा.

कोल्हा दिसेलच, असे आश्वासन मुलांना देऊ नये. त्याच्या खुणा मात्र दिसतात. बांधावरील ओल्या मातीत चार बोटांचा, नखे उमटलेला ठसा शोधावा. तो कुत्र्याच्या ठशाहून अरुंद असतो आणि मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागील बाजूस एकमेकींस जुळलेल्या असतात. शेजारीच गावच्या कुत्र्याचा ठसा काढून दोहोंची चित्रे वहीत घ्यावीत. फळ्यावरच्या चित्रापेक्षा ही तुलना अधिक उपयोगी ठरते. बांधाच्या उंचवट्यावर खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली विष्ठा आढळल्यास ती काडीनेही न उकरता लांबूनच पाहावी. सायंकाळची कोल्हेकुई तर घरी बसूनही ऐकता येते. एकाने सुरुवात केली की दुसरे साथ देतात, आणि कधी भोंग्यालाही उत्तर मिळते!

‘कोल्हा वस्तीत शिरला’ अशा बातम्या येतात, तेव्हा पालक घाबरतात. येथे थोडा इतिहास सांगावा. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. तिच्या नव्या शहरासाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या, त्यांपैकी खाडीकडेच्या गावांत भातखाचरे व मिठागरे होती. पुढे बांध दुर्लक्षित राहिले, तेथे पुष्कळ ठिकाणी खारे पाणी शिरून तिवर वाढले. आणि त्याच्या अगदी कडेपर्यंत इमारती आल्या. कोण कोणाच्या दारी आले, हा प्रश्न वर्गात चर्चेस घेण्याजोगा आहे. रोहित पक्ष्यांमुळे ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला व २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. कोल्ह्याकडे पाहण्यास मात्र कोणी दुर्बीण घेऊन येत नाही.

भीतीस थोडे कारण आहे, ते लपवू नये. कोल्हाही कुत्र्याप्रमाणे पिसाळू शकतो. दिवसाढवळ्या झोकांड्या देणारा किंवा अंगावर येणारा प्राणी दिसल्यास मुलांना मागे घ्यावे आणि वनखात्यास कळवावे. चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन तत्काळ दवाखान्यात न्यावे. हळद, चुना वा मंत्र यांत वेळ दवडू नये. निरोगी कोल्हा माणसाची चाहूल लागताच झाडीत जातो. त्याला खाणे टाकणे, पिले उचलणे किंवा कुत्री अंगावर सोडणे यांतूनच संकट ओढवते. ‘कोल्ह्याचे शिंग’ जवळ बाळगल्याने धन लाभते, या समजापायीही या प्राण्याचा जीव जातो. वस्तुतः कोल्ह्याला शिंग नसतेच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने कोल्ह्यास पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले असून त्याची शिकार हा गंभीर अपराध आहे.

फेरीत मुलांनी बांध सोडून चिखलात उतरू नये व भरतीचे पाणी चढू लागण्यापूर्वी परतावे. नोंदवहीत तारखेशेजारी तिथी आणि ओहोटीची वेळ लिहावी. ठसा आढळला नाही, त्या दिवशी तसेच लिहावे.