गल्ला राहू द्या, आधी बाहेर या

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. संध्याकाळचे सात वाजलेले, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. एका कापड दुकानात जिन्याखालच्या मीटरने पेट घेतला. गिऱ्हाईक बाहेर पडले, नोकर बाहेर पडले, शेठजीही बाहेर आले. आणि गल्ल्याची पेटी आत राहिली म्हणून पुन्हा आत गेले. पेटी जड होती. त्यांनी हाक मारली, तसा एकोणीस वर्षांचा नोकर पोरगा मागोमाग आत शिरला.

लोकांनी दोघांनाही माझ्या दवाखान्यात आणले. अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. "सायेब, मले काई नाई झालं, नुसतं डोकं दुखते," पोरगा म्हणाला. पण आवाज घोगरा झाला होता, नाकपुड्यांत काजळी होती आणि दोनदा ओकारी झाली होती. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ टक्के दिसत होता. तरीही दोघांना ऑक्सिजन लावून मी पुढे पाठविले. शेठजी दुसऱ्या दिवशी घरी आले. पोरगा अकोल्याला आठ दिवस होता, त्यांपैकी तीन दिवस कृत्रिम श्वासावर. पेटीत किती रक्कम होती हे शेठजींनी नंतर आपणहून मला सांगितले. ती येथे लिहीत नाही.

आग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. पण इमारतीतील आगीत बहुतेक माणसे भाजून नव्हे, धुराने दगावतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाच्या साध्या यंत्राला हा फरक कळत नाही, म्हणून आकडा चांगला दिसतो आणि माणूस खालावत जातो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर एक-दीड तास. कृत्रिम धाग्याचे कापड, फोम, प्लास्टिक जळले तर सायनाइडचा विषारी वायूही त्यात मिसळतो. श्वासनलिकेची सूज तर काही तासांनीही चढते. म्हणून धुरात सापडलेला माणूस "मी बरा आहे" म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्यावे.

२९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारातील हॉटेलांना आग लागली. १४ जण गेले, ते गुदमरून. त्यांतील बरेच जण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले होते. बाहेरची वाट माहीत नसलेला माणूस आडोसा शोधतो, आणि आडोशालाच धूर कोंडतो. २४ मे २०१९ रोजी सुरतेत दुकानांच्या इमारतीत वरच्या मजल्यावरील शिकवणीत २२ जीव गेले. तेथे खालून आलेल्या आगीने जिना अडला होता.

आता आपला पाटणी चौक किंवा कारंजा, रिसोडची बाजारपेठ डोळ्यांपुढे आणा. अरुंद आणि खोल दुकान, पुढे एकच शटर, पोटमाळ्यावर माल, पायऱ्यांवर टांगलेले कपडे, समोर मोटारसायकलींची रांग. वर शिकवणी वर्ग नाही तर दवाखाना. मी दुसऱ्यांना काय सांगू? त्या घटनेनंतर मी माझ्याच दवाखान्याचे मागचे दार उघडायला गेलो, तर समोर सलाइनची खोकी रचलेली, दाराला कुलूप, आणि किल्ली कंपाउंडरच्या घरी! पंधरा वर्षे मी तेथे रुग्ण तपासत होतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने ही जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर टाकली आहे. पण लाल नळकांडे भिंतीला टांगले म्हणजे तयारी झाली असे नव्हे. बाहेर कसे पडायचे हे आधी ठरलेले असावे. मागच्या दाराला आतून उघडणारी कडी हवी, कुलूप नको. गिऱ्हाईकांना बाहेर कोण काढील, म्हाताऱ्या माणसाचा हात कोण धरील, बाहेर कोठे जमायचे आणि डोकी कोण मोजील, हे नोकरांना नावानिशी सांगून ठेवावे. मोजणी झाली नाही की कोणी तरी "आत राहिला असेल" म्हणून पुन्हा आत धावतो. हिशेबाची एक प्रत घरी ठेवा, म्हणजे चोपडीसाठी जीव अडकणार नाही. धूर असेल तर रांगत निघा. तोंडावरचा ओला रुमाल काजळी अडवतो, विषारी वायू अडवत नाही.

हॉटेलातला गॅस गळू लागला, तर मात्र नियम वेगळा. बटण लावायचे नाही आणि बंदही करायचे नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. गाडी सुरू करायची नाही. हा वायू हवेपेक्षा जड असतो, नालीत आणि तळघरात साचतो. वारा येतो त्या बाजूला आडवे चालत निघावे आणि अख्खी ओळ रिकामी करावी. अशा वेळी एका दुकानदाराची तयारी पुरत नाही. शेजारच्या दहा दुकानांनी एकच खूण ठरवावी, शिट्टी म्हणा किंवा थाळी, आणि बंबाला वाट मोकळी ठेवावी. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

भाजले असेल तर त्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ काही नको. हे मी तीस वर्षे सांगतो आहे, तरी गेल्या महिन्यात एक आजीबाई नातवाच्या हाताला निळी शाई लावून आल्याच.

त्या कापड दुकानात यंदा दिवाळीपूर्वी शेठजींनी सर्वांना दोनदा बाहेर काढून पाहिले. पहिल्यांदा चार मिनिटे लागली, कारण एक बाई साडी घडी करून मगच निघाल्या. दुसऱ्यांदा दीड मिनिट लागले. डोकी मोजायचे काम त्या पोराकडे आहे.