सायकलची गोष्ट – भाग ९ : चढावर भरकटणारं हँडल

गेल्या आठवड्यात गिअर पाहिले. चढावर हलका गिअर टाकला की पायांवरचा भार उतरतो. पण नेमकं तेव्हाच हँडल डावी-उजवीकडे भरकटू लागतं.

का, ते पाहायला सायकल मागून सीटला धरून उभी करा आणि किंचित डावीकडे कलवा. हँडल आपसूक डावीकडे वळेल. कारण ज्या नळीत पुढच्या चाकाचा चिमटा फिरतो ती मागे कललेली असते. तिची रेघ जमिनीपर्यंत नेली, तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पोचते. हे अंतर म्हणजे ‘ट्रेल’. रेसिंग सायकलीत नळीचा कोन साधारण ७३ अंश आणि ट्रेल ५६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम तीन बोटं. सामानाच्या ट्रॉलीचं चाक जसं फरफटत सरळ होतं, तसंच वेगात असताना पुढचं चाक ट्रेलमुळे सरळ राहतं. (चिमट्याला पुढे बाक दिला की ट्रेल वाढतो असं अनेकांना वाटतं. तो कमी होतो.)

उताराला ट्रेल जास्त हवा, हे आकडेमोडीआधी कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या अंगाला कळलं. फेअरफॅक्स गावाजवळच्या मातीच्या वाटेवर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली ‘रिपॅक’ शर्यत झाली. तीन-साडेतीन किलोमीटरांत ४०० मीटर उतार! पायडल उलटं दाबून लागणाऱ्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा, मग हब उघडून नवं ग्रीस भरायचं. नाव पडलं ते त्यावरून. सायकली दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या, जड, जास्त कललेल्या नळीच्या, श्विन कंपनीच्या. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये नवी फ्रेम बांधली, तेव्हाही कोन जुन्या श्विन एक्सेलसियरचेच ठेवले.

आजच्या डोंगरी सायकलीत तो कोन ६४ अंशांपर्यंत खाली आलाय, ट्रेल १३० मिलिमीटरपर्यंत गेलाय. दगडधोंड्यांच्या उतारावर ती रुळावरून चालल्यासारखी जाते. चढावर मात्र तिची फजिती. वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला की तोल राखायला हँडल मोठमोठं हलवावं लागतं, आणि नळी जितकी कललेली तितकं वळलेलं हँडल स्वतःच आणखी वळू पाहतं. त्यात स्वाराचं वजन मागच्या चाकावर गेलेलं. पुढचं चाक जमिनीला नुसतं शिवून चालतं.

डोणज्याहून सिंहगडाच्या घाटात नागमोडी चढणारे सगळेच काही चढ कमी करायला तसे जात नाहीत! सीटच्या टोकाशी सरकून छाती हँडलकडे झुकवली की निम्मं भरकटणं थांबतं. कारखान्यांनीही सीटची नळी जास्त उभी करून स्वाराला पुढे आणलं, ते याचसाठी.

आता हे सगळं पटलं असेल, तर एक पाचर. २०११ मध्ये अमेरिकी आणि डच संशोधकांनी उणे ४ मिलिमीटर ट्रेलची, म्हणजे चाक रेघेच्या पुढे टेकणारी, सायकल बनवली. स्वाराविना ढकलली, तरी ती तोल सावरत गेली. कशी, ते पुढच्या भागात.