मैफलीतला ‘खट्’

बरीच वर्षे झाली त्या रात्रीला. हिवाळ्यातली मैफल, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. तानपुरे जुळलेले, बुवा डोळे मिटून खर्जात उतरलेले. मी मंचाच्या कडेला गुडघ्यावर बसून कॅमेरा रोखला आणि बटण दाबले. खट्-खटाक्, घर्र! बुवांनी डोळे उघडले. ते रागावले नाहीत, फक्त पाहिले. पहिल्या रांगेतले एक आजोबा मात्र हळूच म्हणाले, ‘‘अहो, आम्ही गाणं ऐकायला आलोय.’’ फोटो सुरेख आला, पण तो भिंतीवर लावायचा धीर मला अजून झालेला नाही.

हा आवाज येतो कुठून? जुन्या पद्धतीच्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे एक तिरका आरसा असतो. आपल्याला डोळ्यापाशी चित्र दिसते ते त्याच्यामुळे. बटण दाबले की तो वर आपटतो, मागचा पडदा उघडून मिटतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. फिल्मच्या काळात त्यात रीळ पुढे सरकवणाऱ्या मोटरची घरघर. जर्मनीत १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यात आरसाच नव्हता आणि पडदा कापडी होता. म्हणूनच माणसांच्या नकळत फोटो टिपणाऱ्यांचा तो लाडका झाला. सिनेमाच्या सेटवर ध्वनिमुद्रण चालू असताना स्थिरचित्रकार आतून फोमचे अस्तर लावलेल्या पेटीत कॅमेरा ठेवून काम करीत. अशा पेटीला ‘ब्लिम्प’ म्हणतात. आम्ही गरिबांनी घरची शाल गुंडाळून तेच साधले!

आता आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आले आहेत. त्यांतला ‘सायलेंट’ पर्याय निवडला की पडदा हलतच नाही, सगळे काम विजेवर होते. पण फुकट काहीच मिळत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्र एकेक ओळ करून वाचले जाते. तेवढ्यात तबलजींची बोटे पुढे गेलेली असतात आणि फोटोत ती वाकडी दिसतात. काही दिव्यांखाली आडवे पट्टेही उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला तर पट्टे पुष्कळदा टळतात. एलईडी दिव्यांचा मात्र भरवसा नाही, आधी एक फोटो काढून पाहावा. सारे चित्र एका क्षणात टिपणारा कॅमेरा सोनीने २०२३ मध्ये जाहीर केला, पण त्याची किंमत ऐकूनच आपण गप्प होतो.

जुना कॅमेरा असेल तरी बिघडत नाही. फोकस जुळल्याची ‘पीं पीं’ बंद करा. ‘क्वाएट’ पर्याय असेल तर तो वापरा. एकामागोमाग फोटोंचा मारा नको. फ्लॅश आणि मागचा चकाकणारा पडदाही बंद ठेवा, कारण उजेडही एक प्रकारचा गोंगाटच. पिशवीची वेल्क्रोपट्टी कार्यक्रमाआधीच उघडून ठेवा, तिची चर्र कॅमेऱ्याहून वाईट! नाटकाचे फोटो हवे असतील तर रंगीत तालमीला जा.

सगळ्यात मोठा उपाय मात्र कॅमेऱ्यात नाही, कानात आहे. आलापीत बोट आवरावे. तबला द्रुत लयीत आला, समेवर ‘वा!’ उठली, की त्या लाटेत आपला ‘खट्’ बुडून जातो. पण सम कधी येणार हे कळायला गाणे ऐकावे लागते!

मागच्या हिवाळ्यात मुलाने दिलेला बिनआवाजाचा कॅमेरा घेऊन एका मैफलीला गेलो. परवानगी घेतली होती. तीनशे फोटो काढले, शेजाऱ्यालाही पत्ता नाही. घरी आल्यावर सौ.ने विचारले, ‘‘काय गायले हो?’’ मला राग सांगता येईना. त्या आजोबांची आठवण झाली. आवाज माझ्या कॅमेऱ्याचा बंद झाला होता, माझा नव्हे.

आता मी पहिला अर्धा तास कॅमेरा मांडीवर ठेवून नुसता ऐकतो. फोटो कमी येतात, पण त्यांत गाणे असते.