फेर्मी–पास्ता–उलाम–त्सिंगू प्रश्न
अरैखिक अवकल समीकरणे संगणकाने सोडविण्याच्या आद्य प्रयत्नांतून भौतिकीत उद्‌भवलेला प्रश्न. रैखिक समीकरणांनी वर्णिलेली गुंतागुंतीची गती साध्या कंपन प्रकारांत विभागून प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करता येतो. अरैखिक समीकरणांत हे प्रकार परस्परांत मिसळतात. त्यामुळे सूत्ररूप उत्तर क्वचितच मिळते व संख्यात्मक पद्धतींचा अवलंब करावा लागतो.

एन्रीको फेर्मी, जॉन पास्ता, स्टॅनिस्लाव्ह उलाम व मेरी त्सिंगू यांनी अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेत मॅनिॲक या संगणकावर ३२ व ६४ कणांच्या साखळ्यांची गती अभ्यासली. साखळीची टोके स्थिर असून कण स्प्रिंगांनी जोडलेले होते. स्प्रिंगेच्या ताणाशी सम प्रमाणात असणाऱ्या प्रेरणेत ताणाच्या वर्गाचे किंवा घनाचे लहान पद मिळविले होते. काळाचे समान, लहान टप्पे पाडून प्रवेगाच्या जागी लागोपाठच्या तीन क्षणांच्या स्थानांतील फरक घातल्यास आधीच्या दोन स्थानांवरून पुढचे स्थान मिळते. टप्पा मोठा घेतल्यास त्रुटी वाढते, फार लहान घेतल्यास गणिताचे श्रम वाढतात. एकूण ऊर्जा स्थिर राहणे ही गणिताच्या विश्वसनीयतेची आवश्यक, परंतु अपुरी कसोटी होय.

प्रारंभी सर्व ऊर्जा सर्वांत कमी कंप्रतेच्या प्रकारात ठेवली होती. अरैखिक पदामुळे ती कालांतराने सर्व प्रकारांत सारखी वाटली जाईल, अशी अपेक्षा होती. सांख्यिकीय भौतिकीतील समविभाजनाची कल्पना याच प्रकारच्या गृहीतावर आधारलेली आहे. प्रत्यक्षात ऊर्जा मोजक्याच प्रकारांत फिरत राहिली व पुढे जवळजवळ संपूर्णपणे पहिल्या प्रकारात परतली. हा निष्कर्ष १९५५ च्या अहवालात नमूद झाला. तत्पूर्वी १९५४ मध्ये फेर्मी निवर्तले होते.

नॉर्मन झाबुस्की व मार्टिन क्रस्कल यांनी १९६५ मध्ये साखळीऐवजी सलग माध्यम कल्पून कोर्टवेग–द व्ह्रीस समीकरण संगणकाने सोडविले. त्यातील एकाकी तरंग एकमेकांतून पार होऊनही आपला आकार टिकवितात, असे त्यांना आढळले. या तरंगांना त्यांनी ‘सॉलिटॉन’ हे नाव दिले व त्यांच्या आधारे ऊर्जेच्या पुनरागमनाचा अर्थ लावला. ऊर्जा विशिष्ट मर्यादेपलीकडे गेल्यास गती अव्यवस्थित होऊन ऊर्जेची वाटणी त्वरेने होते, हे बी. व्ही. चिरिकोव्ह व एफ. एम. इझ्राइलेव्ह यांनी १९६६ मध्ये दाखविले.

अहवालात काम करणाऱ्यांमध्ये त्सिंगू यांचा निर्देश होता, परंतु लेखकांत नव्हता. त्यामुळे हा प्रश्न दीर्घकाळ इतर तिघांच्याच नावाने ओळखला गेला. २००८ नंतर त्यांचेही नाव जोडण्याचा प्रघात पडला.